मित्राच्या भांडणातून महायुद्ध कसं पेटतं?

६ ऑगस्ट १९१४ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं. पहिल्या महायुद्धाच्या सनावळीत ही तारीख सहसा कुणाच्या लक्षात राहत नाही, पण ती मुद्दाम थांबून पाहावी अशी आहे. मूळ भांडण होतं ऑस्ट्रिया आणि सर्बिया यांचं. सर्बियाच्या पाठीशी रशिया उभा राहिला, म्हणून ऑस्ट्रियाचा मित्र जर्मनी पुढे सरसावला. जर्मनीने १ ऑगस्टला रशियाशी आणि ३ ऑगस्टला फ्रान्सशी युद्ध जाहीर केलं, ४ तारखेला बेल्जियममध्ये फौजा घुसवल्या आणि त्याच रात्री ब्रिटनही युद्धात उतरला. तोवर ऑस्ट्रिया आणि रशिया यांच्यात मात्र कागदोपत्री शांतताच होती. ज्याचं भांडण तो मागे, आणि त्याच्यासाठी धावून आलेले आधीच एकमेकांच्या अंगावर.

देशांचे दोन गट समोरासमोर उभे असले की एका कोपऱ्यातली ठिणगी सगळीकडे कशी पसरते, हे समजून घ्यायला १९१४ चा जुलै महिना फार उपयोगी पडतो. त्या दिवसांतल्या तारा, टिपणं, राजदूतांचे अहवाल मोठ्या प्रमाणावर जपले गेले आहेत. त्यामुळे कुणी कुणाला काय कळवलं, ते कधी पोचलं आणि ते वाचून समोरच्याने काय ठरवलं, हे जवळजवळ तासातासाने पाहता येतं. म्हणून इथे बराचसा वेळ त्याच महिन्यावर घालवणार आहे.

करारात नेमकं काय लिहिलं होतं?

आपल्याला बहुतेक वेळा सांगितलं जातं ते असं: प्रत्येकाने कुणाला तरी वचन दिलं होतं, त्यामुळे एकाने युद्ध पुकारलं की त्याच्या मागोमाग सगळ्यांना उतरावंच लागलं. ऐकायला हे पटतं. पण प्रत्यक्ष करार वाचायला घेतले की गाडी अडते.

जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरी यांचा करार १८७९ चा. रशियाने दोघांपैकी एकावर हल्ला केला तर दुसऱ्याने पूर्ण ताकदीनिशी मदतीला यायचं, असं त्यात होतं. ऑस्ट्रियाने आपणहून कुणावर चढाई केली तर जर्मनीवर कसलंही बंधन नव्हतं. १८८२ मध्ये इटली या दोघांना येऊन मिळाला आणि तिघांची आघाडी झाली. १९१४ साली युद्ध पेटलं तेव्हा इटलीने करारातली कलमं पुढे केली, हे युद्ध बचावाचं नाही असं सांगितलं आणि तटस्थ राहिला. पुढच्या वर्षी मे महिन्यात तर तो ऑस्ट्रियाविरुद्धच लढाईत उतरला. रशिया आणि सर्बिया यांच्यात एकमेकांसाठी लढण्याचा लेखी करार नव्हताच. ब्रिटनने १९०४ मध्ये फ्रान्सशी आणि १९०७ मध्ये रशियाशी समझोते केले होते, पण त्यांत विषय होते इजिप्त, मोरोक्को, इराण, अफगाणिस्तान, तिबेट. म्हणजे कोणाचा कुठे किती वरचष्मा असावा एवढंच. युद्ध झालं तर मदतीला येऊ, असा शब्द त्यांत नव्हता. ब्रिटनचं ठोस लेखी वचन होतं ते बेल्जियमच्या तटस्थतेबद्दलचं, तेही १८३९ सालचं.

खऱ्या अर्थाने घट्ट गाठ होती ती फ्रान्स आणि रशियाची. १८९४ मध्ये पक्क्या झालेल्या त्यांच्या गुप्त लष्करी करारात असं ठरलं होतं की, जर्मनीच्या आघाडीतल्या कुणीही सैन्याची जमवाजमव सुरू केली तर बातमी कळताच, आणखी चर्चा न करता, दोघांनीही आपापली जमवाजमव सुरू करायची. फ्रान्सने जर्मनीविरुद्ध तेरा लाख सैन्य उभं करायचं आणि रशियाने सात ते आठ लाख, असे आकडेही त्यात घातलेले होते.

एवढा एक करार सोडला तर जवळपास प्रत्येकाला बाहेर राहण्याची वाट कागदावर उघडी होती. इटलीने ती वापरून दाखवली. मग बाकीच्यांनी का वापरली नाही? माझ्या मते खरा प्रश्न इथून सुरू होतो, आणि त्याचं उत्तर शत्रूच्या द्वेषात जेवढं सापडतं त्याहून जास्त मित्राबद्दलच्या भीतीत सापडतं.

एकटं पडण्याची भीती, ओढलं जाण्याची भीती

कोणत्याही आघाडीत शिरलेल्या देशाच्या मनात दोन भीती असतात. पहिली अशी की, वेळ आली तर मित्र हात वर करेल आणि आपण एकटे पडू. दुसरी अशी की, मित्र स्वतःच्या भांडणात आपल्याला ओढून नेईल आणि ज्या गोष्टीशी आपला संबंध नाही तिच्यासाठी आपली माणसं मरतील. गंमत नव्हे, ही मोठी अडचण आहे की एका भीतीवरचा उपाय दुसरी भीती वाढवतो. मित्राला धीर द्यायला जावं तर तो शेफारतो. त्याला आवरायला जावं तर तो दुसरा आसरा शोधू लागतो.

हे आधुनिक काळातच घडतं असंही नाही. इ.स.पूर्व ४३३ मध्ये ग्रीसमधल्या कॉर्सिरा नावाच्या बेटाचा कॉरिंथ या नगरराज्याशी झगडा चालू होता. त्याचं मूळ एपिडॅम्नस नावाच्या दूरच्या वसाहतीतल्या अंतर्गत यादवीत होतं. कॉर्सिराने अथेन्सकडे मदत मागितली. कॉरिंथ हा स्पार्टाच्या गोटातला, त्यामुळे अथेन्सने सावध पाऊल टाकलं: फक्त बचावापुरता करार केला, आधी दहाच जहाजं पाठवली आणि कॉरिंथवाले कॉर्सिराच्या भूमीवर उतरू लागल्याशिवाय लढायचं नाही अशी ताकीद दिली. तरी सायबोटाच्या आरमारी लढाईत कॉर्सिराचा पाडाव होताना पाहून अथेन्सची जहाजं लढाईत ओढली गेलीच. मग कॉरिंथने स्पार्टात जाऊन आवाज उठवला. तुम्ही आमच्या मदतीला येणार नसाल तर आम्हांला दुसरे मित्र शोधावे लागतील, असं त्यांनी सुनावलं. स्पार्टाचा राजा आर्किडेमस घाई करू नका म्हणत होता, पण सभेने युद्धाच्या बाजूने कौल दिला. पुढचं युद्ध सत्तावीस वर्षं चाललं.

त्यात अथेन्स आणि स्पार्टा यांची एकमेकांबद्दलची धास्ती खरीच होती, ती कुणी नाकारणार नाही. पण त्या धास्तीला तारीख मिळवून दिली ती मधल्या वजनाच्या एका मित्राने, सोडून जाण्याची धमकी देऊन.

बिस्मार्कने घातलेली वेसण

१८७१ मध्ये फ्रान्सला हरवून जर्मन साम्राज्य उभं राहिलं आणि अल्सेस-लॉरेनचा प्रदेश जर्मनीने घेतला. फ्रान्स ही जखम विसरणार नाही हे चान्सलर बिस्मार्कला पक्कं ठाऊक होतं. म्हणून फ्रान्सला मित्रच मिळू नये यासाठी त्याने करारांचं जाळं विणलं. त्याच्या हिशेबात ऑस्ट्रियाशी केलेला करार ही जितकी ढाल होती तितकीच वेसणही होती. बाल्कनमध्ये, म्हणजे आग्नेय युरोपात, ऑस्ट्रियाने रशियाची खोडी काढली तर आपण मागे उभे राहणार नाही, हे तो ऑस्ट्रियाच्या राजधानीला, व्हिएन्नाला वारंवार बजावत असे. शिवाय १८८७ मध्ये त्याने रशियाशीही वेगळा गुप्त करार करून ठेवला. दोन्ही प्रतिस्पर्धी एकाच्याच हाताखाली असले की दोघांनाही आवरता येतं, असा तो डाव होता.

१८९० मध्ये तरुण कैसर (जर्मन सम्राट) विल्हेल्मने बिस्मार्कला घरी पाठवलं आणि रशियाबरोबरचा करार पुढे चालू ठेवला नाही. चार वर्षांत रशिया फ्रान्सच्या कुशीत गेला. एकीकडे राजाला गिलोटिनवर चढवणाऱ्यांचं प्रजासत्ताक, दुसरीकडे युरोपातला सर्वांत निरंकुश झार, असं हे विजोड लग्न होतं. पण फ्रान्सला सैनिक हवे होते आणि रशियाला भांडवल. फ्रेंच कर्जातून रशियात रेल्वे उभी राहू लागली.

इथून पुढे दोन्ही बाजूंचं वागणं समजण्यासारखं आहे, आणि नेमकं म्हणूनच ते धोक्याचं आहे. फ्रान्स आणि रशिया आपल्या दृष्टीने बचावाची तयारी करत होते. बर्लिनमधून पाहणाऱ्याला मात्र पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आवळत चाललेला फास दिसत होता. मग जर्मनीने आणखी सैन्य वाढवायचं, ते पाहून फ्रान्सने सक्तीच्या लष्करी सेवेचा काळ १९१३ मध्ये दोन वर्षांवरून तीन वर्षांवर न्यायचा, रशियाने १९१७ पर्यंत पुरा होईल असा मोठा लष्करी कार्यक्रम हाती घ्यायचा, आणि तो पाहून जर्मन सेनानींनी म्हणायचं की लढायचंच असेल तर १९१७ च्या आत. यातलं एकही पाऊल वेडेपणाचं नव्हतं.

त्यात दरवर्षी-दोन वर्षांनी एक पेचप्रसंग येऊन जात होता. मोरोक्कोवरून दोनदा तणाव झाला, १९०५ आणि १९११ मध्ये. १९०८ मध्ये ऑस्ट्रियाने बोस्निया खालसा केला आणि पुढच्या वर्षी जर्मनीने दम भरल्यावर रशियाला अपमानास्पद माघार घ्यावी लागली. १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांमध्ये जर्मनीने ऑस्ट्रियाला आवरलं. प्रत्येक वेळी युद्ध टळलं, त्यामुळे लोकांना वाटू लागलं की हे असंच टळत राहणार. पण राजधान्यांमध्ये वेगळीच नोंद होत होती. रशियाच्या तेव्हाच्या राजधानीत, पीटर्सबर्गमध्ये ठरलं होतं की पुन्हा एकदा माघार घेतली तर बाल्कनमध्ये आपल्यावर कुणी भरवसा ठेवणार नाही. बर्लिनमध्ये वाटत होतं की पुन्हा एकदा ऑस्ट्रियाला थांबवलं तर आपला एकमेव विश्वासू मित्र हातचा जाईल. टळलेल्या प्रत्येक संकटाने पुढच्या वेळची सवड कमी केली होती.

जुलै १९१४

२८ जून रोजी बोस्नियातल्या साराजेवोमध्ये गाव्रिलो प्रिन्सिप या बोस्नियन सर्ब तरुणाने ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी यांना गोळ्या घातल्या. सर्बियाला धडा शिकवायचा, हे व्हिएन्नात बऱ्याच जणांनी लगेच ठरवून टाकलं. पण रशिया मध्ये पडला तर काय, हे आधी जर्मनीला विचारावं लागणार होतं. ५ आणि ६ जुलैला कैसर आणि चान्सलर बेथमान-होल्वेग यांनी उत्तर दिलं: तुम्ही काहीही ठरवा, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत. इतिहासात याला ‘कोरा चेक’ म्हणतात. तो कोरा होता हेच त्यातलं भयंकर. रक्कम व्हिएन्नाने भरायची आणि वटवायची बर्लिनने.

व्हिएन्नाने मग चांगले दोन-अडीच आठवडे घेतले. हंगेरीचे पंतप्रधान टिसा यांचा आधी विरोध होता, बरेच सैनिक पीक-कापणीच्या रजेवर होते, आणि फ्रान्सचे अध्यक्ष प्वांकारे २० ते २३ जुलै या काळात रशियाच्या दौऱ्यावर होते. ते तिथे असताना निर्वाणीचा खलिता दिला तर दोन्ही मित्रांना समोरासमोर बसून सल्लामसलत करता येईल, म्हणून प्वांकारे जहाजात बसून परत निघण्याची वाट पाहिली गेली. २३ तारखेला संध्याकाळी सहा वाजता बेलग्रेडमध्ये खलिता दिला. मुदत अठ्ठेचाळीस तास. तिकडे फ्रान्सचे राजदूत पालेओलोग रशियाला छातीठोकपणे सांगत होते की फ्रान्स तुमच्या बाजूने ठाम आहे. म्हणजे कोरे चेक दोन्हीकडे फिरत होते, एवढंच की बर्लिनचा जास्त प्रसिद्ध झाला.

सर्बियाने बहुतेक मागण्या मान्य केल्या. आमच्या भूमीवरच्या तपासात तुमचे अधिकारी नकोत, ही मुख्य हरकत. २८ जुलैला सकाळी ते उत्तर वाचून खुद्द कैसरने लिहिलं की आता युद्धाचं कारणच उरत नाही. त्याच दिवशी ऑस्ट्रियाने सर्बियाविरुद्ध युद्ध जाहीर केलं.

यानंतरची एक तार मला या सगळ्या प्रकरणाची नाडी वाटते. ३० जुलैच्या पहाटे बेथमान-होल्वेगने व्हिएन्नाला कळवलं की मित्र म्हणून आमचं कर्तव्य आम्ही पार पाडू, पण आमचा सल्ला न ऐकता तुम्ही आम्हांला जगाच्या वणव्यात ओढत असाल तर ते आम्हांला मान्य नाही. हीच ती बिस्मार्कची वेसण, चोवीस वर्षांनी पुन्हा हातात घेतलेली. पण जवळपास त्याच वेळी जर्मन सेनाप्रमुख मोल्टके व्हिएन्नाला उलटाच निरोप पाठवत होता: रशियाविरुद्ध ताबडतोब जमवाजमव करा. ऑस्ट्रियाचे परराष्ट्रमंत्री बेर्शटोल्ट यांनी दोन्ही निरोप पाहून विचारलं की बर्लिनमध्ये राज्य कुणाचं चालतं, मोल्टकेचं की बेथमानचं? आणि ज्या निरोपाने त्यांचं काम होत होतं तो त्यांनी उचलला.

वेळापत्रकाच्या हाती गेलेला निर्णय

आघाड्यांनी आग लावली नसती, तरी ती पसरवायला आता आगगाड्या सज्ज होत्या. हा भाग जरा सावकाश समजून घ्यायला हवा. लाखो राखीव सैनिकांना घरातून बोलवायचं, त्यांना गणवेश, बंदुका, घोडे, धान्य द्यायचं आणि ठरल्या दिवशी ठरल्या सीमेवर उतरवायचं, याला जमवाजमव म्हणतात. रेल्वेशिवाय ती अशक्य, आणि रेल्वेचं वेळापत्रक एकदा सुरू झालं की मध्येच बदलणं महाकठीण. जो दोन दिवस आधी सुरुवात करेल त्याचं सैन्य दोन दिवस आधी सीमेवर पोचणार.

जर्मनीला दोन आघाड्यांवर लढायचं होतं. त्यामुळे त्यांचा आराखडा असा की रशियाचं अवाढव्य सैन्य सावकाश गोळा होईल, त्या सहाएक आठवड्यांत फ्रान्सला चीत करायचं आणि मग गाड्या पूर्वेकडे वळवायच्या. फ्रान्सच्या सीमेवर भक्कम किल्ले होते, म्हणून वाट बेल्जियममधून. फक्त पूर्वेकडे मुख्य सैन्य नेण्याचा पर्यायी आराखडा १९१३ मध्ये अद्ययावत करणंच सोडून दिलेलं होतं. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. बाल्कनमधल्या भांडणावरून रशियाने जमवाजमव केली, तर त्याला जर्मनीचं एकमेव तयार उत्तर होतं बेल्जियमवर चढाई. आघाडीतल्या मित्रांना एकमेकांशी जोडणारा दोरा करारातून निघून रेल्वेच्या तक्त्यात जाऊन बसला होता.

रशियाची अडचण त्याच जातीची. झार निकोलसला फक्त ऑस्ट्रियाविरुद्ध, म्हणजे कीव्ह, ओडेसा, मॉस्को आणि कझान या चार लष्करी विभागांपुरती जमवाजमव हवी होती. सेनाधिकारी म्हणाले, तसा आराखडाच नाही. अर्धवट सुरू केली तर पुढे पूर्ण करताना सगळा घोळ होईल. २९ जुलैला झारने पूर्ण जमवाजमवीच्या हुकमाला मान्यता दिली. रात्री हुकूम तारघरात पोचला, यंत्रं मोकळी करून ठेवली होती, आणि तेवढ्यात निरोप आला की थांबा. कैसरची तार आली होती आणि झारचं मन बदललं होतं. हे दोघे नात्यातले, एकमेकांना ‘विली’ आणि ‘निकी’ म्हणणारे, इंग्रजीतून तारा पाठवणारे. एक रात्र युरोप त्या तारेवर टिकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी परराष्ट्रमंत्री साझोनोव पीटरहॉफच्या राजवाड्यात झारला भेटले. तासभर बोलणं झालं. हजारो माणसं मरणाच्या दारात पाठवण्याची जबाबदारी तुम्ही माझ्यावर टाकता आहात, अशा अर्थाचं झार बोलला, आणि मग हो म्हणाला. साझोनोवनी तिथूनच सेनाप्रमुख यानुश्केविचला फोन करून हुकूम कळवला आणि सांगितलं की आता तुझा टेलिफोन फोडून टाक. झारने पुन्हा मन बदललं तर तो निरोप पोचूच नये, एवढ्यासाठी. शांततेची शेवटची शक्यता मुद्दाम तोडली गेली ती अशी.

बर्लिनमध्ये १ ऑगस्टला संध्याकाळी याचंच दुसरं रूप दिसलं. कैसरने जमवाजमवीच्या हुकमावर सही केली आणि थोड्याच वेळात लंडनहून राजदूत लिखनोव्स्कीची तार आली: जर्मनीने फ्रान्सवर हल्ला केला नाही तर ब्रिटन तटस्थ राहील आणि फ्रान्सलाही आवरेल, असं दिसतंय. कैसर हरखला. मग सगळं सैन्य पूर्वेकडेच नेऊ, असं त्याने मोल्टकेला सांगितलं. मोल्टके म्हणाला, अशक्य. लाखोंचं सैन्य असं ऐनवेळी वळवलं तर ती फौज राहणार नाही, उपाशी, विस्कळीत झुंड होईल. तुझ्या काकाने मला वेगळं उत्तर दिलं असतं, असं कैसरने त्याला ऐकवलं. (काका म्हणजे १८७० च्या युद्धात फ्रान्सला नमवणारा थोरला मोल्टके.) लक्झेंबर्गमध्ये शिरू पाहणाऱ्या तुकड्यांना थांबण्याचे हुकूम गेले. त्या रात्री लंडनहून खुलासा आला की आधीच्या तारेत गैरसमज होता. कैसरने मोल्टकेला बोलावून सांगितलं, आता तुला हवं ते कर.

गाड्या खरंच वळवता आल्या नसत्या का? जर्मन सेनादलाचा रेल्वे-विभाग सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याने युद्धानंतर तक्ते मांडून दाखवलं की आल्या असत्या. मला त्यापेक्षाही जास्त अस्वस्थ करतं ते हे की, देशाच्या प्रमुखाला त्या संध्याकाळी ते तपासून पाहायला कुणाकडे जावं हेच ठाऊक नव्हतं.

संदिग्ध मित्र

ब्रिटनची गोष्ट वेगळी. तिथे वचन जास्त झालं नव्हतं, अस्पष्ट होतं. १९१२ पासून एक सोय झाली होती: फ्रेंच आरमार भूमध्य समुद्रात, ब्रिटिश आरमार उत्तरेत. परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रे यांनी पत्रात लिहून ठेवलं की याने कुणी बांधलं जात नाही. पण फ्रान्सने आपला उत्तर किनारा ब्रिटनच्या भरवशावर उघडा टाकल्यावर नैतिक बंधन कसं टळणार? फ्रान्सला ठामपणे कळेना की ब्रिटन येईल, आणि जर्मनीला आशा वाटत राहिली की येणार नाही. ग्रे यांचा नाइलाजही होता. मंत्रिमंडळ दुभंगलेलं होतं, आधीच ठाम शब्द दिला असता तर सरकार पडलं असतं. अखेर बेल्जियमवरच्या हल्ल्याने मंत्रिमंडळातल्या बहुतेकांचं मत पालटलं. ब्रिटन उतरला म्हणजे त्याचं सगळं साम्राज्य उतरलं. भारतातून दहा लाखांहून जास्त माणसं परदेशी आघाड्यांवर गेली आणि सत्तर हजारांहून जास्त परतली नाहीत. त्यांतल्या कुणाला ऑस्ट्रिया-सर्बियाच्या तंट्याबद्दल मत विचारलेलं नव्हतं.

मग आघाड्याच नकोत, असा निष्कर्ष काढायचा का? युरोपातल्या बऱ्याच जणांनी १९१८ नंतर तसाच काढला, आणि त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली. १९३८ मध्ये चेकोस्लोव्हाकियाचा फ्रान्सशी मदतीचा करार होता. सोव्हिएत संघाशीही होता, पण फ्रान्सने आधी मदत केली तरच तो लागू होणार होता. हिटलरशी म्युनिकमध्ये झालेल्या तडजोडीत फ्रान्सने हात काढून घेतला, त्यामुळे दुसरा करारही आपोआप मेला. सहा महिन्यांनी, ३१ मार्च १९३९ ला ब्रिटनने पोलंडला शब्द दिला तेव्हा हिटलरला तो खरा वाटला नाही. ऑगस्टमध्ये स्टालिनशी करार करून त्याने पूर्वेची काळजीही मिटवून टाकली. १९१४ मध्ये मित्राला सोडण्याची भीती जास्त झाली होती. १९३८ मध्ये मित्रासाठी ओढलं जाण्याची भीती जास्त झाली. दोन्ही वाटा महायुद्धातच गेल्या, म्हणून आघाडी असावी की नसावी हा प्रश्न मला अपुरा वाटतो.

शीतयुद्धात आग का पसरली नाही?

१९४९ मध्ये अमेरिका आणि तिच्या पाश्चात्त्य मित्रांची नाटो आणि १९५५ मध्ये सोव्हिएत गटाचा वॉर्सा करार, असे पुन्हा दोन गट समोरासमोर आले. पुढची साडेतीन दशकं त्यांच्यात थेट युद्ध झालं नाही. अण्वस्त्रांची दहशत हे मोठं कारण आहेच. पण आणखी एक गोष्ट घडली जिच्याकडे कमी लक्ष जातं: मोठ्या मित्राने छोट्या मित्राला नाही म्हणण्याची ताकद टिकवली.

कोरियाचं उदाहरण पाहा. १९५३ मध्ये दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांना युद्धबंदी मुळीच मान्य नव्हती. त्यांना उत्तरेवर चाल करून सगळा देश एक करायचा होता. वाटाघाटी मोडाव्यात म्हणून जून महिन्यात त्यांनी साम्यवादाच्या विरोधात असलेले पंचवीस हजारांहून जास्त उत्तर कोरियन युद्धकैदी परस्पर सोडून दिले. अमेरिकेने त्यांना संरक्षणाचा करार दिला, पण बाहेरून सशस्त्र हल्ला झाला तरच मदत मिळेल हे सिनेटने स्वतंत्रपणे नोंदवून घेतलं, आणि कोरियन फौजेवरचं लष्करी नियंत्रण संयुक्त राष्ट्रांच्या सेनापतीकडेच ठेवलं. तो सेनापती अमेरिकन होता. शब्द दिला, आणि दोरही हातात ठेवला.

सोव्हिएत संघाने क्युबात क्षेपणास्त्रं बसवल्यावरून १९६२ मध्ये उभ्या राहिलेल्या पेचात तर हे फारच स्पष्ट दिसतं. ऑक्टोबरच्या अखेरीस क्युबाचा नेता फिडेल कॅस्ट्रोने सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हला पत्र लिहिलं. अमेरिकेने क्युबावर आक्रमण केलं तर तुम्ही अमेरिकेवर अण्वस्त्रांचा पहिला वार करण्याची संधी सोडू नका, असा त्याचा आशय होता. ख्रुश्चेव्हने ते ऐकलं नाही. कॅस्ट्रोला न विचारताच त्याने २८ ऑक्टोबरला क्षेपणास्त्रं मागे घेत असल्याचं जाहीर केलं, आणि कॅस्ट्रो संतापला. दुसऱ्या बाजूला अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींनीही तुर्कस्तानातली ज्युपिटर क्षेपणास्त्रं काढून घेण्याचं गुपचूप कबूल केलं आणि नाटोतल्या मित्रांना तो सौदा कळू दिला नाही. दोघांनी आपापल्या मित्रांची नाराजी पत्करली. १९१४ मध्ये बर्लिनला आणि पीटर्सबर्गला जे जमलं नाही ते नेमकं हे. पुढच्या जूनमध्ये मॉस्को आणि वॉशिंग्टन यांच्यात थेट संपर्काची लाइन टाकण्याचा करार झाला.

आजच्या बातम्यांत नवा संरक्षण करार झाला असं वाचलं की म्हणूनच मी त्यातली दोन-तीन कलमं आधी शोधतो. मदत कशाला म्हटलं आहे? नाटोच्या पाचव्या कलमात एकावरचा हल्ला सर्वांवरचा हल्ला मानला आहे, पण प्रत्येकाने ‘आवश्यक वाटेल ती’ कृती करायची अशी मोकळीकही ठेवली आहे. कुठल्या भूभागापुरता? सहाव्या कलमात सीमा घातलेल्या आहेत, म्हणूनच १९८२ मध्ये दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंडवरून ब्रिटन आणि अर्जेंटिना लढले तेव्हा पाचवं कलम लागू होण्याचा प्रश्न आला नाही. आणि मित्राने आपणहून कुरापत काढली तर काय? जून २०२४ मध्ये रशिया आणि उत्तर कोरिया यांनी प्योंगयांगमध्ये केलेल्या करारात एकावर सशस्त्र आक्रमण झालं तर दुसऱ्याने लष्करी मदत करायची असं आहे. त्याच वर्षी उत्तर कोरियाचे सैनिक रशियाच्या कुर्स्क भागात लढायला पोचले, आणि ज्या युद्धाची सुरुवात रशियाने युक्रेनवर चढाई करून केली होती तेच युद्ध या करारात बचावाचं ठरलं.